जमीन आपली, आराखडा पालिकेचा: झोन दाखला, बांधकाम परवानगी आणि आरक्षणाची नोटीस

प्लॉट घेताना लोक सातबारा तीन-तीनदा पाहतात, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतात, इसार देऊन मोकळे होतात. झोन दाखला, म्हणजे जमीन कोणत्या वापराच्या विभागात येते हे सांगणारा पालिकेचा कागद, मात्र घर बांधायची वेळ आली की मागतात. आणि तेव्हा कळतं की प्लॉटच्या मधोमध डीपी रस्ता (पालिकेच्या विकास आराखड्यात आखलेला रस्ता) जातोय, किंवा सगळा तुकडाच खेळाच्या मैदानासाठी आरक्षित आहे. सातबारा जमीन कुणाची ते सांगतो. तिथं काय बांधता येईल, हे त्यात कुठंच नसतं.

ते ठरवण्याचा अधिकार महापालिका आणि नगरपरिषदांना महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ ने दिला आहे. नगररचना खात्यात त्याला सगळे 'एमआरटीपी' म्हणतात. कलम ४३ नुसार विकास आराखडा करण्याचा इरादा जाहीर झाला की पालिकेच्या परवानगीशिवाय कुणालाही बांधकाम करता येत नाही, जमिनीचा वापरही बदलता येत नाही. म्हणजे तळमजल्यावरच्या राहत्या खोलीचं दुकान करायचं, तरी तो कायद्याच्या भाषेत 'विकास'च. बाहेरून रूप न बदलणारी किरकोळ दुरुस्ती आणि जमिनीचा शेतीसाठी वापर यांना सूट आहे.

सगळ्यात आधी झोन दाखला आणि भाग नकाशा (विकास आराखड्यातला आपल्या जमिनीपुरता भाग) काढा. अर्ज पालिकेच्या नगररचना विभागात करायचा. सोबत अलीकडचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, भूमी अभिलेखची मोजणी नकाशाची प्रत आणि ठरलेली फी. अर्ज मालकाच्याच नावाने हवा असं नाही, खरेदी करणारासुद्धा मागू शकतो, आणि त्यानेच तो मागावा असं माझं मत. झोन दाखल्यावर गट नंबर किंवा सर्व्हे नंबर कोणत्या विभागात येतो ते लिहिलेलं असतं: रहिवास, वाणिज्य, औद्योगिक, शेती. बोलण्यात आपण 'यलो झोन', 'ग्रीन झोन' म्हणतो ते हेच. पण निम्म्या भानगडी भाग नकाशात असतात. रस्तारुंदीत किती जागा जाते, आरक्षणाची रेघ कुठून फिरते, हे दाखल्याच्या दोन ओळींतून कळत नाही. म्हणून दोन्ही कागद एकत्रच मागा. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली या अधिसूचित सेवा आहेत, तेव्हा तारखेची पोच घ्यायला विसरू नका.

आराखडा प्रारूप, म्हणजे मसुद्याच्या, अवस्थेत असला तरी तो तुम्हाला लागू असतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. कलम ४६ प्रमाणे परवानगीचा अर्ज तपासताना प्रसिद्ध झालेला प्रारूप आराखडाही विचारात घ्यावा लागतो. त्यामुळे हरकतींची जाहिरात आली की जाहिरातीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत नोंदवायची आणि सुनावणीला स्वतः जायचं. 'हरकती घेऊन काय होतंय' म्हणणाऱ्यांनी मुंबईचा २०३४ चा आराखडा आठवावा. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला तो मसुदा, चुकांवरून एवढी ओरड झाली की एप्रिलमध्ये सरकारला रद्द करावा लागला.

आता बांधकाम परवानगी. मुंबई महापालिका आणि काही वगळलेली क्षेत्रं सोडली तर राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली चालते. मुंबईत २०३४ ची वेगळी नियमावली. चटई क्षेत्र (एकूण किती बांधकाम करता येईल ते), सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), उंची, पार्किंग सगळं त्यातूनच ठरतं. अर्ज ऑनलाइन, आणि तो परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्यामार्फत. मालकी हक्काचे कागद, मोजणी नकाशा, बांधकामाचे नकाशे, संरचना अभियंत्याचं प्रमाणपत्र, मालमत्ता कराची थकबाकी नसल्याचा दाखला आणि सहहिस्सेदार असतील तर त्यांची संमती लागते. खरी अडचण इथंच येते. आजोबांच्या नावावरची जमीन, वारसनोंद अर्धवट, पुण्यातली आत्या सही द्यायला तयार नाही, असे अर्ज वर्षानुवर्षं पडून असतात. वारसनोंद आधी उरका. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या लहान प्लॉटसाठी नियमावलीत सोपी वाट आहे: नकाशे आणि शुल्क दाखल केल्याची पोच हीच परवानगी धरली जाते. विकास शुल्क आणि बांधकाम खर्चावर १ टक्का कामगार कल्याण उपकर वेगळा.

६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानतात. ही 'मानीव परवानगी' ऐकून काहीजण लगेच पाया खणतात. तसं करू नका. नकाशा नियमावली आणि आराखड्याला काटेकोर धरून असेल तरच ती टिकते. नाहीतर बांधकाम अनधिकृत ठरतं, आणि कलम ५२ मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे. मिळालेली परवानगी एक वर्ष चालते, दरवर्षी मुदतवाढ घ्यावी लागते, वाढीव मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. परवानगी नाकारली, किंवा जाचक अटी घातल्या, तर कलम ४७ खाली ४० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं.

आरक्षण पडलेली जमीन

शाळा, बाग, दवाखाना, रस्ता अशा कामासाठी जमीन राखीव असली तरी मालकी तुमचीच राहते. पालिका ती कलम १२६ खाली तीन प्रकारे घेऊ शकते: सहमतीने मोबदला देऊन, चटई क्षेत्र किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन, नाहीतर भूसंपादन करून. काही आरक्षणांत समावेशक आरक्षणाची सोय असते, म्हणजे ठरलेला भाग बांधून पालिकेच्या ताब्यात द्यायचा आणि उरलेला आपण वापरायचा. व्यवहाराचं गणित जमत असेल तर हा मार्ग पाहायला हरकत नाही.

पण पालिका जमीन घेतही नाही आणि बांधूही देत नाही, असंच जास्त घडतं. त्यावर कलम १२७. अंतिम आराखडा अमलात आल्याच्या तारखेपासून दहा वर्षांत जमीन घेतली नसेल, तर मालक किंवा जमिनीत हितसंबंध असलेली कुणीही व्यक्ती नोटीस देऊ शकते. नोटिशीसोबत मालकीचे कागद जोडणं कायद्यानेच बंधनकारक आहे. ते नसले की पालिकेचा वकील पहिला आक्षेप तिथंच घेतो. आयुक्त किंवा मुख्याधिकारी, आणि आरक्षण दुसऱ्या खात्यासाठी असेल तर ते खातं, दोघांनाही नोटीस द्या. आवक शिक्का असलेली प्रत जपून ठेवा. त्या दिवसापासून २४ महिने मोजायचे. तेवढ्यात जमीन घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. २०१५ च्या दुरुस्तीआधी ही मुदत कमी होती, त्यामुळे जुने लेख वाचून हिशेब करू नका.

या काळात पालिकेने नुसता ठराव केला किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पत्र धाडलं, तर ते पुरत नाही. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पावलं प्रत्यक्ष संपादनाच्या दिशेनेच पडलेली हवीत. एक सापळा मात्र आहे. नोटीस देण्याआधीच सुधारित आराखडा अमलात आला आणि त्यात तेच आरक्षण कायम राहिलं, तर दहा वर्षं पुन्हा शून्यापासून सुरू होतात. म्हणून दहा वर्षं पूर्ण झाली की त्याच आठवड्यात नोटीस द्यावी. 'निवडणुकीनंतर बघू' म्हणून थांबलेला एक माणूस मला ठाऊक आहे. मधे नवा आराखडा आला आणि तो पुन्हा पहिल्या पायरीवर.

आरक्षण व्यपगत झाल्यावर शेजारच्या जमिनीला जो वापर मान्य, तोच तुमच्या जमिनीला मिळतो. सरकारने ते राजपत्रात अधिसूचित करायचं असतं. त्यासाठी नगरविकास विभागाकडे नोटिशीच्या पोचेसह अर्ज करा, राजपत्राची प्रत मिळवा आणि तीच जोडून बांधकाम परवानगीचा नवा अर्ज टाका.