डेटा रूपांतरातील अवैध तारखा

जुन्या व्यावसायिक प्रणालीतला डेटा नव्या डेटाबेसात नेताना तारखेच्या जागी भरलेली, पण कॅलेंडरात कुठेच नसलेली मूल्ये सापडतात. त्यांना अवैध तारखा म्हणतात. आयबीएमच्या एएस/४०० म्हणजे आजच्या आयबीएम आय या प्रणालीवरील, आरपीजी व कोबॉल या भाषांतल्या प्रोग्राममध्ये हे दुखणे जुनेच आहे. तिथे तारीख बहुधा साध्या आठ अंकी संख्येत ठेवलेली असते: ३० एप्रिल २०२३ म्हणजे २०२३०४३०. महिना किती दिवसांचा, हे त्या संख्येला कळत नाही.

यातल्या बऱ्याच चुका टायपिंगच्या नसून प्रोग्रामनेच केलेल्या असतात. पुढच्या महिन्याची तारीख काढायला संख्येत १०० मिळवायचे, पुढच्या वर्षासाठी १०,००० मिळवायचे, ही जुनी युक्ती. २०२३०१३१ मध्ये १०० मिळवले की ३१ फेब्रुवारी तयार होते; २०२४०२२९ मध्ये १०,००० मिळवले की २९ फेब्रुवारी २०२५. हप्ते आणि नूतनीकरणाच्या फाइलींत अशा तारखा महिनाअखेरीभोवती गोळा झालेल्या दिसतात.

रूपांतराआधी तारखेच्या फील्डमधल्या (रकान्यातल्या) वैध नसलेल्या मूल्यांचे तीन गट पाडावेत. शून्य म्हणजे सहसा ‘तारीख अजून नाही’. त्याचे नल, म्हणजे ‘मूल्य नाही’ अशी रिकामी नोंद, करावे. ९९९९९९९९ म्हणजे ‘मुदत नाही’. त्याला ३१ डिसेंबर ९९९९ द्यावी किंवा नल. खरोखर चुकीच्या तारखा फक्त उरलेल्या. तिन्हींना सरसकट १ जानेवारी ०००१ भरण्याची पद्धत आहे, ती टाळावी: कर्ज फिटले नाही आणि फिटल्याची तारीख चुकली, या दोन वेगळ्या गोष्टी त्यात एक होतात. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचा ‘डेटटाइम’ हा प्रकार १ जानेवारी १७५३ च्या आधीची तारीख घेतच नाही, त्यामुळे पुढे डेटा तिकडे गेला की तेच मूल्य अडते.

आरपीजीमध्ये तपासणीसाठी ‘टेस्ट’ ही आज्ञा डी व ई ही विस्तारके लावून वापरतात आणि चूक निघाली का हे लगेच %एररमधून पाहतात. फील्ड अक्षरी असेल आणि त्यात विभाजक चिन्हे नसतील, तर वर्ष-महिना-दिवस हे स्वरूप *आयएसओ असे न लिहिता त्याला शून्य जोडून लिहावे लागते. नाहीतर चोख तारीखही अवैध ठरते. दुसरा मार्ग तारखेत रूपांतर करणारे %डेट हे फंक्शन ‘मॉनिटर’ या चुका पकडणाऱ्या गटात ठेवण्याचा. चुकीच्या तारखेला ११२ हा स्टेटस (चुकीचा प्रकार सांगणारा क्रमांक) येतो, चूक आल्यावर काय करायचे ते सांगणाऱ्या ‘ऑन-एरर’मध्ये तोच लिहावा. सर्व चुका एकत्र पकडल्या, तर संख्येच्या फील्डमध्ये कोऱ्या जागा असल्याने येणारा ९०७ही त्यात गडप होतो. तो दोष तारखेचा नाही, फाइलचा आहे. डीडीएसने, म्हणजे या प्रणालीतल्या फाइलींचे वर्णन लिहिण्याच्या जुन्या पद्धतीने, बनवलेली फाइल अशी घाण लिहिताना अडवत नाही, वाचताना मात्र प्रोग्राम कोसळतो. ‘मॉनिटर’ एकेक रेकॉर्ड वाचणाऱ्या लूपच्या आत घ्यावा. लूपभोवती घातला, तर पहिल्याच खराब रेकॉर्डला लूप सुटतो आणि बाकीचे रेकॉर्ड वाचलेच जात नाहीत.

डेटाबेसच्या एसक्यूएल या भाषेतून रूपांतर करताना ‘व्हेअर’ या अटींच्या भागात आधी वैधता आणि मग रूपांतर लिहिले, तरी क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा ऑप्टिमायझर त्याच क्रमाने जाईल याची हमी नसते. एक वाईट रेकॉर्ड येतो आणि सबंध क्वेरी −१८१ हा अवैध तारखेचा चूक-क्रमांक देऊन पडते. सर्वांत भरवशाचा उपाय कॅलेंडर टेबलाचा: एका स्तंभात आठ अंकी संख्या, शेजारी खरी तारीख. १९५० ते २०४९ या शंभर वर्षांना ३६,५२५ ओळी पुरतात. मूळ फाइल त्याला ‘लेफ्ट जॉइन’ केली (म्हणजे जोडी नसलेले रेकॉर्डही राखून जोडली) की जोडी न मिळालेली मूल्ये आपोआप बाजूला पडतात आणि रूपांतराचे फंक्शन वापरावेच लागत नाही.

सहा अंकी तारखांची गोष्ट वेगळी. आरपीजीत दोन अंकी वर्षाची कक्षा १९४० ते २०३९ अशी ठरलेली आहे. १९३८ मध्ये जन्मलेल्या खातेदाराचा जन्म निमूट २०३८ मध्ये जातो, चूक दाखवली जात नाही. उलट २०२० मध्ये दिलेल्या वीस वर्षांच्या गृहकर्जाची अखेर २०४० मध्ये येते. ती दोन अंकी वर्षाच्या तारखेत घालू गेल्यास ११४ स्टेटस येतो.

नाकारलेली तारीख ३१ एप्रिलची ३० एप्रिल करून पुढे ढकलू नये. मूळ संख्या, रेकॉर्ड ओळखण्याची किल्ली आणि कारण वेगळ्या फाइलमध्ये लिहावे. वाचलेले रेकॉर्ड हे भरलेले अधिक नाकारलेले यांच्या बेरजेइतके आले पाहिजेत. दुरुस्ती कोणती करायची हे व्यवसायाच्या माणसाने सांगायचे, प्रोग्रामरने नव्हे. महाराष्ट्रातल्या जुन्या खातेदारांच्या जन्मतारखांत १ जूनचा ढीग दिसला, तर रूपांतराला दोष देण्याआधी मूळ फाइल पाहावी. जन्मतारीख ठाऊक नसली की शाळेत १ जून लिहिण्याची रीत होती, त्यामुळे ढीग तिथेही असतो.

दिवस-महिना-वर्ष ही भारतीय मांडणी महिना-दिवस-वर्ष म्हणून वाचली गेली, तर ३६५ पैकी २२१ तारखा अडतात आणि १४४ निसटतात. म्हणून नाकारलेल्यांचे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास दिसले की आधी स्वरूपावर संशय घ्यावा. अडलेल्या तेवढ्या दुरुस्त करून काम भागत नाही: निसटलेल्यांपैकी दिवस व महिना सारखेच असलेल्या १२ वगळता १३२ तारखा उलट्या होऊन बसलेल्या असतात. भरलेला डेटा पूर्ण पुसून पहिल्यापासून भरावा.