वावरातून चुलीपर्यंत : विदर्भातील हिवाळी भाज्यांची पार्श्वभूमी

विदर्भाच्या खेड्यांत हिवाळ्यातील भाजी पूर्वी क्वचितच विकत आणली जाई. ती वावरातून, मुख्य पिकाच्या जोडीनेच घरात येत असे. म्हणून येथील हिवाळी आहाराचा इतिहास हा बराचसा पीकपद्धतीचाच इतिहास आहे.

काळ्या जमिनीत पावसाळ्याची ओल टिकते आणि तिच्यावर कोरडवाहू हरभरा येतो. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने त्याचे शेंडे खुडले की फांद्या फुटतात, घाटे वाढतात आणि खुडलेल्या पाल्याची भाजी होते. पिकाचे आणि माणसाचे हित एकाच कामात साधणारी ही रीत मला फार मोलाची वाटते. कोवळा पाला, कांदा, हिरवी मिरची, मीठ आणि तेल यांचा घोळाणा कच्चाच खातात, त्यामुळे शिजवताना नष्ट होणारे क जीवनसत्त्व त्यात राहते आणि पाल्यातील लोह अंगी लागण्यास मदत होते. उरलेला पाला वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवला जातो, तशाच वांग्याच्या खुला, म्हणजे वाळवलेल्या फोडी.

अमेरिकेतील 1861 ते 1865 च्या यादवी युद्धाने वऱ्हाडातील कापसाला मोठी मागणी आली आणि पेरा वाढला. तरीही कपाशीत तुरीची तासे, म्हणजे ओळी, राहिली, म्हणून पौषात ओल्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची, आमटी घरोघरी होत राहिली. चरकसंहितेत हेमंत ऋतूत जठराग्नी प्रबळ असल्याने जड, स्निग्ध अन्न पचते असे म्हटले आहे. सोले, तीळ आणि भोगीची मिसळीची भाजी त्याला धरूनच आहेत.

पूर्वेकडे भंडारा, गोंदिया भागात धान कापण्याआधीच ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, लाखोळी या कडधान्याचे बी फेकत आणि तिचा कोवळा पाला खात. दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून लाखोळीची डाळ खाल्ल्यास पाय लुळे पडतात, हे लक्षात आल्यावर 1961 पासून अनेक राज्यांत तिच्या विक्रीवर बंदी आली.

अलीकडच्या दशकांत सोयाबीनने ज्वारी, मूग आणि उडीद मागे सारले. निंदणाऐवजी तणनाशक आले, तेव्हा पिकात आपोआप उगवणारा चाकवत तण म्हणूनच मरू लागला. निंदताना बाया ओटीत भरून जी भाजी घरी नेत, ती आता अनेक घरांना आठवडी बाजारातून विकत घ्यावी लागते.