नव्वद टक्क्यांची रेघ

मार्च १९७७मध्ये कॅनडातल्या टेरी फॉक्स या अठरा वर्षांच्या मुलाचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. निदान होतं ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाड तयार करणाऱ्या पेशींचा कर्करोग. वाचण्याची शक्यता ५० टक्के, असं त्याला सांगण्यात आलं. दोनच वर्षं आधी हा आजार झाला असता तर हाच आकडा १५ टक्के असता. मुलगा तोच, गाठ तीच, बदललं होतं फक्त कॅलेंडर.

हा आजार मुलं भराभर उंच होतात त्या वयात होतो, आणि बहुतेक वेळा गुडघ्याच्या आसपास, जिथे पायाची हाडं सर्वांत जास्त वाढतात तिथे. त्यामुळे ‘खेळताना लागलं असेल’ म्हणत मालीश आणि बाम यांत एखाद-दोन महिने सहज निघून जातात. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आणि न उतरणारी सूज असेल तर आधी एक्स-रे काढावा. मालिशीने गाठ जिरत नाही.

पूर्वी पाय वेळेवर कापूनही पाचातली चार मुलं का जात? कारण गुडघा सुजेपर्यंत बहुतेकांच्या फुप्फुसांत न दिसणाऱ्या बिया पडलेल्या असतात. टेरी पुढे कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसे जमवत कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर पळाला. १ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बेजवळ तो थांबला तेव्हा गाठी फुप्फुसांत पोहोचल्या होत्या. पुढच्या जूनमध्ये तो गेला.

त्या बिया मारायचं काम केमोचं, म्हणजे कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या औषधांचं. तरीही ‘हल्ली नुसत्या शस्त्रक्रियेनेही रुग्ण जास्त जगतात’ असा काही डॉक्टरांचा दावा होता. तो तपासायला अमेरिकेत चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट केले गेले. सगळे मिळून रुग्ण ३६! दुर्मीळ आजाराचं गणित असं मूठभर माणसांवर उभं असतं. १९८६मध्ये निकाल छापून आला: दोन वर्षांनंतर आजार न उलटलेले केमोच्या गटात ६६ टक्के, नुसत्या शस्त्रक्रियेच्या गटात १७ टक्के. वाद मिटला.

शस्त्रक्रियेच्या आधी केमो देण्याची पद्धत मात्र एका अडचणीतून आली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंगमध्ये पाय वाचवण्यासाठी धातूचा सांधा बसवायला सुरुवात झाली होती. तो रुग्णाच्या मापाने बनवून यायला दोन-तीन महिने लागत. तेवढा वेळ हातावर हात ठेवून कसं बसायचं, म्हणून केमो सुरू केली. नंतर काढलेलं हाड पाहिलं, तर काहींच्या गाठीत जिवंत पेशी जवळजवळ उरलेल्याच नव्हत्या.

आजही ते हाड पॅथॉलॉजीच्या टेबलावर येतं. करवतीने ते उभं चिरतात. गाठ जिथे सर्वांत रुंद, तिथली अख्खी चकती घेऊन तिचा नकाशा काढतात आणि चौकोन आखतात. हाड कडक असल्याने तुकडे आम्लात ठेवून मऊ होईपर्यंत थांबावं लागतं. घरचे रोज रिपोर्ट विचारत असतात, पण आम्लाला घाई नसते. मग एकेका चौकोनाची स्लाइड पाहून किती टक्के गाठ मेली याचा हिशेब होतो. रेघ आहे ९० टक्क्यांवर. त्याहून जास्त मेली असेल तर गाठीने केमोला चांगली दाद दिली, पुढची वाट बरी.

आणि रेघेच्या खाली असेल तर? औषधं वाढवा, असं कुणालाही वाटेल. १७ देशांतले २,२६० रुग्ण गोळा करून युरामॉस-१ या चाचणीने हेच करून पाहिलं. कमी दाद दिलेल्यांना दोन जादा औषधं दिली, त्रास वाढला, फायदा झाला नाही. म्हणजे रेघ भविष्य सांगते, पण ते बदलता येत नाही. फुप्फुसांत न पसरलेल्या ऑस्टिओसार्कोमात पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ६०-७० टक्के आहे, आणि ते चाळीसेक वर्षं तिथेच अडकलंय. मुंबईच्या टाटा मेमोरियलने वेगळा प्रश्न हाती घेतला: पुन्हा पुन्हा रक्तातली पातळी मोजायला लावणारं हाय-डोस मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध वगळून चांगले निकाल मिळवता येतील का? त्यातून ‘ओजीएस-१२’ ही उपचारपद्धत आली. आपल्याकडच्या गर्दीच्या वॉर्डांसाठी मला हा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो.

हाडांचे सगळेच कर्करोग असे घाईचे नसतात. कूर्चेच्या कॉन्ड्रोसार्कोमावर केमो सहसा चालत नाही, तिथे सारी भिस्त सर्जनवर. त्याचा सर्वांत सौम्य प्रकार हातापायांत असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात आता त्याला सार्कोमा, म्हणजे कर्करोग, म्हणतच नाहीत. हाच प्रकार कटीच्या हाडात असेल तर सार्कोमाच. त्यामुळे नेटवर ‘बोन कॅन्सर’चा एकच आकडा शोधणाऱ्याला मिळते ती खिचडी.

नडगीच्या हाडात होणाऱ्या अडमँटिनोमा या कर्करोगात तर पाच वर्षांची फूटपट्टीच अपुरी पडते. हळू वाढणारी ही गाठ नीट काढली तर बहुतेक रुग्ण दहा वर्षांनंतरही असतात. पण ती पंधरा-वीस वर्षांनीही उलटू शकते. म्हणून अशा माणसाने ‘आता मी बरा झालोय, अजून किती दिवस यायचं?’ असं विचारलं, तरी डॉक्टर त्याला पुढच्या वर्षीची तारीख देतात आणि छातीचा एक्स-रे काढून यायला सांगतात.