अरे, गंगाधरपंत भूतकाळात गेलेच नव्हते!

आमच्या श्रुतिकेच्या, म्हणजे नुसत्या ऐकायच्या नाटकाच्या, मीटिंगमध्ये परत तेच झालं. मीटिंग म्हणजे काय, तर इंदूरच्या रामबागेतल्या एका फ्लॅटमध्ये सहा जण, एक माइक, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना टांगलेल्या रजया, आणि पंखा बंद, कारण पंख्याची घरघर रेकॉर्ड होते. तर ग्रुपमध्ये नवीन आलेला मुलगा म्हणाला, दादा, आपण टाइम ट्रॅव्हलवर करू ना काहीतरी, ते नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’सारखं. मी म्हटलं ती टाइम ट्रॅव्हलची गोष्ट नाहीये. तर म्हणे, हो हो तेच ते, इतिहास बदलतो ना.

तेच ते नाहीये भिया. हे मी आता इतक्यांदा, इतक्या लोकांना, इतक्या पोह्याच्या प्लेटींवर समजावलंय की एकदा लिहूनच टाकतो, पुढच्या वेळी फक्त पाठवून देईन.

कालप्रवास म्हणजे काय ते सगळ्यांना माहितेय, त्यात वेळ घालवत नाही. माणूस एका तारखेतून निघतो, दुसऱ्या तारखेत पोचतो. यंत्र असो, गुहा असो, की ब्रह्मलोक असो. रेवतीचे वडील ककुद्मी तिच्यासाठी स्थळ विचारायला ब्रह्मदेवाकडे गेले, थोडा वेळ थांबले, आणि तेवढ्यात खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली, शेवटी बलरामाशी लग्न लावलं, हा शंभर टक्के कालप्रवास, फक्त एकतर्फी तिकिटाचा. मग ते भूतकाळात जाऊन आजोबांना मारलं तर नातू जन्मतो कसा वगैरे, ते पण सगळ्यांचं पाठ आहे. झालं.

पर्यायी इतिहास म्हणजे तारीख आजचीच, पण मागे कुठेतरी एक घटना वेगळी घडली म्हणून आजचं जगच वेगळं. हा प्रकार टाइम मशीनपेक्षा कितीतरी जुना आहे. एच. जी. वेल्सची ‘द टाइम मशीन’ कादंबरी आली १८९५ मध्ये, आणि लिव्ही नावाचा रोमन इतिहासकार दोन हजार वर्षांपूर्वीच विचारत बसला होता की सिकंदर रोमवर चालून गेला असता तर काय झालं असतं. (उत्तर अर्थातच रोम जिंकलं असतं. लिहिणारा रोमन होता ना.)

आता किरकोळ फरक. एकात यंत्र लागतं, दुसऱ्यात लागत नाही. एकात भविष्यात पण जाता येतं, दुसऱ्यात भविष्याचा संबंध नाही. पर्यायी इतिहास सायन्स फिक्शनमध्ये मोडतो की नाही यावर लोक तासन्‌तास भांडतात, भांडोत, त्याने स्क्रिप्ट एका ओळीनेही सुधारत नाही.

खरा घोळ गंगाधरपंतांपाशी आहे, म्हणून आधी त्यांचंच घेऊ. गंगाधरपंत गायतोंडे इतिहासाचे प्रोफेसर, पानिपतात मराठे जिंकले असते तर काय, या विचारात चालले असताना ट्रकशी टक्कर होते, आणि मग ते अशा जगात असतात जिथे १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, कानाजवळून निघून गेली. पण लक्षात घ्या, ते १७६१ मध्ये जात नाहीत! पानिपत त्यांना डोळ्यांनी दिसतच नाही. ते जातात मुंबईच्या लायब्ररीत आणि पुस्तकात वाचतात. कॅलेंडर आपल्याच काळातलं, माणूस मागे गेला नाही, पुढे गेला नाही, आडवा गेला, बाजूच्या जगात. याला टाइम ट्रॅव्हल म्हणणं म्हणजे इंदूरहून देवासला गेलेल्या माणसाला तू वर गेलास की खाली असं विचारणं.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं. पण “तारीख बदलली, की इतिहास बदलला?” एवढीच कसोटी घेऊन लिहायला बसलात तर तरीही आपटणार, आणि आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ स्क्रिप्टा तिथेच आपटतात. खरी कसोटी ही, की गोष्टीच्या आत दुसरा इतिहास कोणाला माहितेय?

कालप्रवासात तो पात्राला माहीत असतो. निघालेला माणूस मूळ इतिहास डोक्यात घेऊन निघतो, तुलना तो करतो, आश्चर्य त्याला वाटतं, “अरे इथे तर हा पूल नव्हता” हे वाक्य त्याच्या तोंडी येतं, आणि श्रोता त्याच्या खांद्यावर बसून ऐकतो. त्याने काही बदललं आणि परत आल्यावर अख्खं जग वेगळं निघालं तरी ती कालप्रवासाचीच गोष्ट राहते, कारण आधीचं आठवणारा एक माणूस त्यात शिल्लक आहे. पर्यायी इतिहासात, म्हणजे शुद्ध पर्यायी इतिहासात, ते कोणालाच माहीत नसतं. तिथल्या लोकांसाठी ते पर्यायी वगैरे काही नाहीच, तो त्यांचा मंगळवार आहे. दूधवाला येतोय, नळाला पाणी नाहीये, जावयाचं प्रमोशन अडकलंय. तुलना करणारा एकच माणूस, तो रजईच्या बाहेर, हेडफोन लावून बसलेला श्रोता. सगळी गंमत त्याच्या डोक्यात घडते. पात्रांनी त्याला मदत करायची नाही. जरासुद्धा नाही.

आणि हेच कोणाला सहन होत नाही. तिसऱ्या पानावर एक आजोबा उगवतातच आणि नातवाला सांगतात, “बाळा, पानिपतात आपण जिंकलो म्हणून बरं, नाहीतर इंग्रज आले असते.” का सांगतायत आजोबा? तुमचे आजोबा तुम्हाला जेवताना सांगतात का, की बाळा, बक्सरला इंग्रज जिंकले म्हणून हे असं? अशा वाक्यावर मी लाल पेन मारतो, लेखक माझा मामेभाऊ असला तरी. मारलाय.

मग गंगाधरपंतांना तर आपला इतिहास माहीत होता की, असं तुम्ही म्हणणार. बरोबर. म्हणून मी त्यांना पाहुणा म्हणतो. जग पर्यायी इतिहासाचं, पण त्यात आपल्याकडचा एक पाहुणा सोडलाय, म्हणजे तुलना करायला आत एक माणूस मिळाला, कालप्रवासाची सोय इकडे उसनी घेतली. त्यामुळेच तर लोकांचा घोळ होतो. नारळीकरांना ते शोभलं कारण त्यांनी पाहुणा म्हणून इतिहासाचा प्राध्यापक निवडला, जो वेड्यासारखा ओरडत फिरत नाही, लायब्ररीत जाऊन नेमकं कुठलं पान बदललंय ते शोधतो. आपल्याकडचे पाहुणे मात्र नुसते “हे काय पाहतोय मी!” म्हणतात. श्रुतिकेत तर हे वाक्य ऐकून मला रजईच फाडावीशी वाटते, कारण आम्हाला तर काहीच दिसत नाहीये बाबा!

आवाजाच्या माध्यमात हा फरक दहापट टोचतो. कालप्रवासाला दार असतं आणि दाराला आवाज असतो, म्हणून सगळे ती घड्याळाची टिकटिक आणि मग सूंऽऽ टाकतात. (ती टिकटिक आता बंद करा ना, प्लीज. घरात टिकटिकणारं घड्याळ राहिलंय कोणाकडे?) पर्यायी इतिहासाला दारच नाही. झेंडा नाही, नकाशा नाही, नोटेवर वेगळा चेहरा दाखवता येत नाही. मग जग वेगळं आहे हे कळणार कशाने? भाषेने. श्रुतिकेत शब्द हेच नेपथ्य.

पानिपत जिंकलं आणि इंग्रजांचं राज्य आलंच नाही असं धरलंत, तर तुमचा नायक “ट्रेन लेट आहे, प्लॅटफॉर्मवर भेट” म्हणूच कसा शकतो? तिकीट गेलं, टेबल गेलं, स्टेशन गेलं. पण सगळं काढायचं नाही, इथेच मजा आहे. बटाटा राहील, पाव राहील, पगार राहील, कारण ते पोर्तुगीजांकडून आले आणि पोर्तुगीज १७६१ च्या खूप आधी येऊन बसले होते. फारसीचं काय? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी पेशवाईतली पत्रं काढून बघा, तहनामा, फौज, मुलुख, सरकार, सगळं ठासून भरलंय. म्हणून जिंकलेल्या मराठ्यांच्या तोंडी शुद्ध संस्कृतप्रचुर मराठी घालणारे लोक मला आवडत नाहीत, ते इतिहास लिहीत नाहीत, स्वतःची हौस लिहितात.

एका स्क्रिप्टमध्ये त्या विजयी साम्राज्याच्या रेडिओवर निवेदक म्हणतो, “हे आकाशवाणीचं केंद्र आहे.” मी म्हटलं हे नाव आलं कुठून तुझ्या जगात? आपल्याकडे ते म्हैसूरहून आलं, तिथे गोपालस्वामी म्हणून प्राध्यापक होते त्यांनी १९३५ मध्ये खासगी केंद्र काढलं तिथलं ते नाव, ऑल इंडिया रेडिओने नंतर उचललं. तुझ्या जगात हे सगळं घडलं का? घडलं असेल तर ठीक आहे, पण तुला ते माहीत पाहिजे. तो म्हणाला दादा, एवढं कोण बघतं. बघत नाही रे, ऐकतात.

चहाचंही तसंच. नायक कालप्रवास करून १७८० च्या महेश्वरात उतरला आणि घाटावर कोणीतरी त्याला कटिंग चहा दिला, तर ती सरळ चूक, आसामचे मळे पुढच्या शतकातले, खोडा आणि पुढे जा. पण पर्यायी इतिहासातल्या आजच्या इंदुरात राजवाड्यासमोर लोक चहा पितायत, तर ती चूक नाही, तो निर्णय आहे. मळे कोणी लावले, चीनशी व्यापार कोणी केला, की चहा नाहीच आणि सगळे अजून दूधच पितायत? म्हणजे कप तोच, पण एका ठिकाणी पुस्तक उघडून तपासायचं आणि दुसऱ्या ठिकाणी कारण स्वतः उभं करायचं. ज्यांना तपासायचा कंटाळा आहे ते पर्यायी इतिहासाकडे वळतात, “त्यात काय, काहीपण चालतं” म्हणून. उलटं आहे हो. त्यात जास्त काम आहे.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण वरचं सगळं मला शहाणपणाने नाही, मार खाऊन कळलंय. मी महिदपूरची लढाई विषय म्हणून घेतली होती. २१ डिसेंबर १८१७, क्षिप्रेच्या काठी होळकर इंग्रजांकडून हरले, ६ जानेवारीला मंदसौरचा तह, संपलं. माझ्या श्रुतिकेत होळकर जिंकतात. शुद्ध पर्यायी इतिहास, पाहुणा नाही, आजोबा नाहीत, भाषा घासूनपुसून घेतलेली, आणि एक बारीक गंमत पेरलेली, की सगळी गोष्ट घडते महेश्वरात आणि इंदूरचा उल्लेख येतो तो एक व्यापारी गाव म्हणून. का, तर राजधानी इंदूरला आली १८१८ मध्ये, मंदसौरच्या तहानंतर. म्हणजे आपण हरलो म्हणून इंदूर राजधानी झालं! महिदपूर जिंकलो असतो तर राजवाडा असता, तो मल्हाररावांच्याच वेळचा, पण हे शहर कदाचित असं नसतं, आणि आपले निम्मे पणजोबा इकडे आलेच नसते. मला वाटलं ऐकणारे खुर्चीतून पडतील.

पहिली ऐकवली मावशीला. मावशी जन्मापासून इंदूरची. पूर्ण पस्तीस मिनिटं ऐकली, हेडफोन काढला आणि म्हणाली, “छान आहे रे, ऐतिहासिक आहे.” म्हटलं मावशी, काही वेगळं नाही वाटलं? म्हणे, “नाही, आवाज स्पष्ट होता.”

तिला ते सगळं खरं वाटलं! कारण महिदपूरला मुळात काय झालं हेच तिला माहीत नव्हतं, आणि खरं सांगू, आपल्यातल्या किती जणांना माहितेय? पानिपत महाराष्ट्रातल्या, माळव्यातल्या, बडोद्यातल्या सगळ्या मराठी माणसाला तोंडपाठ, महिदपूर इथून जेमतेम तीन तासांवर आणि कोणी गेलेलं नाही. पर्यायी इतिहास श्रोत्याच्या आठवणीवर उधारीने चालतो. आठवणच नसेल तर तुम्ही केलेला बदल त्याला बदल वाटत नाही, धडा वाटतो. कालप्रवासाला ती अडचण नाही, तिथे पात्रच सोबत मूळ इतिहास आणतं आणि सांगतं.

म्हणून आता आमच्याकडे सरळ नियम केलाय. प्रसंग सगळ्यांना माहीत असेल तर पर्यायी इतिहास करा, पाहुणा न घेता. माहीत नसेल तर मुकाट्याने कालप्रवास करा. महिदपूर मी परत लिहितोय, त्यात आजच्या काळातली एक मुलगी लढाईच्या आदल्या रात्री क्षिप्रेकाठी पोचते, आणि उद्या काय होणार हे त्या छावणीत फक्त तिला माहितेय. सूंऽऽ नाहीये, नुसतं पाणी.

आणि त्या नवीन मुलाला विचारलं की पानिपत सोडून असा कुठला प्रसंग, जो इंदूरच्या प्रत्येक माणसाला समजावून सांगावा लागणार नाही? दोन दिवस गायब होता, मग एक पान घेऊन आला. १ नोव्हेंबर १९५६. त्याआधी मध्य भारत होता, तेव्हा उन्हाळ्यात राजधानी इंदूर आणि हिवाळ्यात ग्वाल्हेर, मग नवीन मध्य प्रदेश झाला आणि राजधानी गेली भोपाळला. याच्या श्रुतिकेत ती जात नाही. पहिला सीन भोपाळचा, तलावाजवळ एक टपरी, आणि दोन माणसं वैतागून बोलतायत की सगळे ऑफिस इंदूरला, सगळा पैसा इंदूरला, आपल्याला काय, नुसतं पाणी बघत बसा.

मावशीला लावून दिलं. टपरीवरचं दुसरं वाक्य संपायच्या आत ती हसायला लागली.