विश्वासू मालमोटारींची पारख (नागपूर)

मालवाहतुकीच्या दलालाकडे स्वतःची गाडी बहुधा नसते. व्यापाऱ्याचा माल आणि मोटरमालकाची रिकामी गाडी यांची गाठ घालून देणे व त्यावर दलाली मिळवणे हा त्याचा व्यवसाय असतो. त्यामुळे कोणता मोटरमालक माल वेळेवर आणि पुरता पोचवील हे आधीच ओळखता येणे, हेच त्याचे खरे भांडवल होय.

नागपुरात या व्यवसायाला बळ मिळाले ते शहराच्या स्थानामुळे. श्रीनगर ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि गुजरातेतून ओडिशातील पारादीपकडे जाणारा महामार्ग ५३ येथे एकमेकांना छेदतात. मुंबईकडे जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी शिर्डीपर्यंत आणि जून २०२५ मध्ये पूर्ण लांबीने खुला झाला. बुटीबोरी व हिंगणा येथील कारखाने, कळमन्याचा बाजार आणि वाडीची गोदामे येथून मालाला तोटा नसतो. मात्र ज्या चौरस्त्यामुळे येथे गाड्या सहज मिळतात, त्याच चौरस्त्यामुळे पारख अवघड होते. स्थानिक मोटरमालकाचे घर, गॅरेज आणि उधारी बाजाराला ठाऊक असते; पण हरियाणा, राजस्थान किंवा तमिळनाडूहून माल उतरवून परतीच्या मालासाठी थांबलेली गाडी दलालाच्या दारात कदाचित एकदाच उभी राहते, आणि फसवणुकीला वाव मिळतो तो मुख्यतः अशाच व्यवहारांत.

कायद्याने या व्यवसायाला चौकट घालून दिली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ९३ नुसार मालमोटारींच्या मालाचे संकलन, रवानगी किंवा वाटप करणाऱ्या एजंटाला परवाना लागतो. १८६५ च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या रस्त्याने मालवाहतूक अधिनियम, २००७ मध्ये ‘सामान्य वाहक’ या संज्ञेत दलालाचाही समावेश आहे. स्वतःच्या नावाने बिल्टी (वाहतुकीसाठी माल स्वीकारल्याची पावती) फाडणाऱ्या दलालाने आपण केवळ मध्यस्थ आहोत असे नंतर म्हणणे म्हणूनच फारसे टिकत नाही.

नव्या गाडीची तपासणी नोंदणी क्रमांकापासून सुरू होते. ‘वाहन’ या सरकारी प्रणालीवर मालकाचे नाव, फिटनेस, विमा, परमिट व पीयूसी यांची स्थिती पाहता येते आणि चालकाचा परवाना ‘सारथी’वर पडताळता येतो. एवढ्यावर थांबणारे दलालच अधिक फसतात, कारण खऱ्या गाडीचा क्रमांक दुसऱ्याच गाडीच्या पाटीवर रंगवणे कठीण नसते. जाणता मुनीम चेसिसवरचे वंगण फडक्याने पुसून तेथे कोरलेला क्रमांक नोंदणी पुस्तिकेतील क्रमांकाशी अक्षरशः ताडून पाहतो, चालकाचा आणि गाडीचा एकत्र फोटो काढतो आणि मगच भाडेचिठ्ठी लिहितो. चालकाने दिलेल्या नंबरवर ‘मालकाशी’ बोलणे म्हणजे पडताळणी नव्हे. गाडीने मागचा माल जेथे उतरवला तेथील व्यापाऱ्याला किंवा ज्याने तो भरून दिला त्या ट्रान्सपोर्टरला फोन केल्यास अधिक कळते. ॲडव्हान्सही नोंदणीतील मालकाच्याच बँक खात्यात द्यावा. तो भलत्याच नावाच्या खात्यात मागितला जात असेल, तर मधे आणखी एखादा दलाल असण्याची शक्यता बरीच असते. असा दलालांचा साखळी व्यवहार लबाडीचाच असतो असे नाही, परंतु त्यात गाडी कोणाच्या शब्दावर चालते हे सांगता येत नाही.

भाड्याचा आकडाही बोलका असतो. दहा चाकी गाडीला मालासह २८.५ टनांची मर्यादा आहे, आणि ती ओलांडल्यास कलम १९४ नुसार २०,००० रुपये व वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड होतो. जो मालक आपणहून चार टन जास्त भरायला तयार होऊन दर पाडतो, त्याच्या गाडीचे टायर, ब्रेक आणि चालकाची झोप यांचा हिशेब त्या दरात धरलेला नसतो. चालू बाजारभावाहून बरेच कमी भाडे सांगणारी गाडी नाकारण्यात सहसा नुकसान नसते. अपवाद परतीच्या मालाचा: घरच्या दिशेने निघालेली गाडी रिकामी जाण्याऐवजी कमी दरात माल घेते, आणि तो दर प्रामाणिक असतो. रायपूरहून लोखंड घेऊन येथे आलेल्या गाडीला तिकडेच जाणारा माल देणे म्हणूनच दोन्ही बाजूंच्या सोयीचे ठरते.

संत्र्याच्या हंगामात ही सारी पारख घाईत करावी लागते. अंबिया बहराचे फळ साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपासून बाजारात येते, गाड्यांची मागणी वाढते आणि हवा खेळती राहील अशी गाडी मिळवण्यासाठी ओढाताण होते. एका दिवसाचा उशीरही फळाला भोवत असल्याने अनुभवी दलाल हंगामापूर्वीच ठरावीक मोटरमालक बांधून ठेवतात आणि मंदीच्या महिन्यांतही त्यांना थोडा तरी माल देत राहतात. नुसत्या ओळखीपेक्षा ही देवाणघेवाण जास्त टिकते. मोटरमालकही दलालाची पारख करतातच. पोचपावती आल्यावर बॅलन्स (उरलेले भाडे) रखडवणारा, हॉल्टिंग (गाडी थांबवून ठेवल्याचा आकार) नाकारणारा किंवा हमाली-वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) आयत्या वेळी चालकाच्या माथी मारणारा दलाल ट्रकतळावर लवकरच ओळखला जातो आणि चांगल्या गाड्या त्याच्याकडे फिरकत नाहीत.

माल निघाल्यावर ई-वे बिलाची, म्हणजे जीएसटीखाली मालासोबत लागणाऱ्या ऑनलाइन वाहतूक-पत्राची, मुदत पाळावी लागते; सर्वसाधारण मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे सुमारे १,१०० किलोमीटरवरील दिल्लीसाठी सहा दिवस. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत भरला, तर नवा क्रमांक बिलात नोंदवणे आवश्यक असते. चांगला मोटरमालक असा बिघाड स्वतः फोन करून कळवतो.

तूट किंवा नुकसान झाल्यास भरपाईची कायदेशीर मर्यादा, मालाची जास्त किंमत जाहीर केलेली नसेल तर, भाड्याच्या दहापट इतकीच असते. त्यामुळे किमती मालाचा वेगळा ट्रान्झिट (वाटेतील नुकसानीचा) विमा काढतात. दाव्यापूर्वी माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहकाला लेखी नोटीस द्यावी लागते, म्हणून पोचपावतीवरचा तुटीचा शेरा आणि माल भरताना व उतरवताना केलेल्या वजनाच्या काट्याच्या पावत्या बिल्टीसोबत जपून ठेवल्या जातात.