हेमी कुडा की शेव्हेल?

१९७० सालच्या दोन अमेरिकी मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या वेगवान गाड्या, शेजारी उभ्या करू: प्लिमथची हेमी कुडा आणि शेव्हरोलेची शेव्हेल एसएस ४५४ (एसएस म्हणजे शेव्हेलची वेगवान आवृत्ती), तीही एलएस६ नावाच्या सर्वांत ताकदवान इंजिनाची. कंपनीच्या आकड्यांत शेव्हेल सरस, ७.४ लिटर आणि ४५० अश्वशक्ती. हेमी ७ लिटर, ४२५ अश्वशक्ती. मात्र त्या काळी इंजिन गाडीबाहेर, एअर फिल्टर आणि सायलेन्सरशिवाय चालवून ताकद मोजत. या आकड्यांवर निवड करू नये.

खरा फरक हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या व्हॉल्व्ह बसवलेल्या झाकणात आहे. हेमीचा ज्वलनकक्ष घुमटासारखा, म्हणजे अर्धगोल. नाव त्यावरूनच पडलं. घुमटाच्या एका उतारावर हवा आत घेणारा व्हॉल्व्ह, समोरच्या उतारावर धूर सोडणारा. त्यामुळे दोन्ही व्हॉल्व्ह मोठे बसतात आणि हवा एका बाजूने शिरून दुसरीकडून निघून जाते. शिवाय गोलाकाराचा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने कमी, त्यामुळे धातूत मुरून वाया जाणारी उष्णताही कमी. यासाठी हेड मात्र रुंद, जड आणि महाग होतं. शेव्हरोलेने मधला मार्ग काढला. त्यांचे व्हॉल्व्ह वेगवेगळ्या कोनांत तिरपे उभे असतात, म्हणून या इंजिनाला साळिंदर असं टोपणनाव मिळालं.

यंत्र म्हणून माझा कौल हेमीला. संग्राहकाच्या दृष्टीनेही ती सोयीची, कारण कारखान्याने गाडीला दिलेल्या ओळख क्रमांकातलं (नंबर प्लेटवरच्या नव्हे) पाचवं अक्षर 'आर' असलं की कारखान्यातून हेमीच बसून आली, हे कळतं. त्या वर्षी पक्क्या छताच्या ६५२ आणि उघड्या छताच्या फक्त १४ हेमी कुडा बनल्या.

शेव्हेलचं तसं नाही. तिचा क्रमांक फक्त व्ही-८ इंजिनाची मालिबू (शेव्हेलचाच एक प्रकार) एवढंच सांगतो, एसएससुद्धा नाही. साध्या मालिबूला एलएस६चं रूप देणं त्यामुळे सोपं. अशा वेळी गाडीत काय काय बसवलं ते लिहिलेला, पेट्रोलच्या टाकीवर चिकटवलेला कारखान्याचा कागद सापडला तर नशीब. नाहीतर इंजिनाच्या मुख्य धडाच्या, म्हणजे ब्लॉकच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यातली सपाट जागा पुसून भिंग लावावं. तिथे चार गिअरच्या गाडीला 'सीआरव्ही', ऑटोमॅटिकला 'सीआरआर' ही अक्षरं ठोकलेली असतात. अक्षरांखाली कारखान्यातल्या यंत्राने उमटवलेल्या बारीक समांतर रेषा दिसायला हव्यात. जुना नंबर घासून काढला की त्या रेषाही जातात. आणि गुळगुळीत धातूवर खोल, ताजी अक्षरं दिसली, तर रंग कितीही झळाळत असो, मी बॉनेट बंद करून परत फिरेन.