जुनी नाणी दाखवायला आणण्यापूर्वी

"आजोबांच्या पेटीत राणीछाप रुपया सापडलाय, किती येतील?" काउंटरवर आणि फोनवर हाच प्रश्न रोज येतो, म्हणून हे पत्रक.

सगळ्यात आधी एक विनंती: नाणं घासू नका. चिंच, लिंबू, रांगोळी, भांड्यांची पावडर, काहीच नको. चांदीवरची काळसर झाक आणि तांब्यावरचा तपकिरी थर हा मळ नव्हे; संग्राहक त्याचेच पैसे मोजतो. घासलं की अक्षरांच्या कडा बोथट होतात, बारीक ओरखडे उठतात आणि भिंगाखाली ते लपत नाहीत. मग रुपयाला बहुतेक वेळा चांदीचाच भाव उरतो. राणीछाप रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे जुना एक तोळा. त्यात चांदी सुमारे 92 टक्के. लखलखीत करून आणलेल्या नाण्याला आम्ही कमी भाव सांगितला की लोक रागावतात. पण पुढचा गिऱ्हाईक ते आमच्याकडूनही घेत नाही, त्याला आमचा इलाज नाही. माती लागली असेल तर साध्या पाण्यात बुडवा आणि सुती कापडावर न पुसता वाळू द्या. बाकीचं आमच्यावर सोडा.

जितकं जुनं तितकं महाग, असंही नाही. दुदांडी शिवराई या तांब्याच्या नाण्यावर शिवछत्रपतींचं नाव असतं, पण ती पेशवाईतही भरपूर पाडली गेली, त्यामुळे झिजलेली शिवराई स्वस्तात मिळते. उलट पंचम जॉर्जचा 1911 चा रुपया पाहा. राजाच्या झग्यावरच्या साखळीत हत्ती आहे, पण सोंड इतकी आखूड की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, नाणी परत घेऊन वितळवली आणि 1912 पासून हत्ती सुधारला. म्हणून 1911 ची मागणी टिकून आहे. सहाव्या जॉर्जचा 1939 चा चांदीचा रुपया तर फारच दुर्मीळ. तो कुणी आणला की आम्ही आधी भिंगाखाली शेवटचा आकडा बघतो, कोरून फिरवलेला नाही ना!

मोबाईलवरच्या फोटोवरून आम्ही भाव सांगत नाही. वजन, कड, नाणं ठशाने पाडलंय की साच्यात ओतलंय, हे फोटोत कळत नाही. दुकानात तोंडी तपासणी मोफत; लेखी दाखल्याला शुल्क पडतं.

राम दरबार किंवा मारुतीचा छाप असलेले कंपनी सरकारचे 1818 चे 'सिक्के' आणि तांदूळ खेचणारी म्हणून खपवली जाणारी 'चमत्कारी' नाणी कृपया आणू नका. कंपनीने तसलं काही पाडलंच नव्हतं. तसंच, नाणी विकून देतो म्हणून आधी कमिशन किंवा कर मागणारा रिझर्व्ह बँकेचं नाव घेत असेल तर फोन ठेवा. बँकेने स्वतःच 2021 मध्ये तसा इशारा दिला आहे. शेतात किंवा पाया खणताना सापडलेली नाणी आम्ही घेत नाही. 1878 च्या गुप्तधनाच्या कायद्याने ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागतात.

आणताना नाणी एकमेकांवर घासू देऊ नका, प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळा. घरी ठेवायची असतील तर मऊ प्लॅस्टिकची पाकिटं टाळा, त्यांत नाणं काही वर्षांनी हिरवं, चिकट होतं. कागदी होल्डर आणि चांगले अल्बम आमच्याकडे मिळतात.